फाळक्यांच्या घरातलं युनिट

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये पडद्यावर आला, तेव्हा सगळीकडे चर्चा होती ती ऑस्करसाठी भारतातर्फे झालेल्या त्याच्या निवडीची आणि नंदू माधव यांनी उभ्या केलेल्या उत्साही, हसतमुख दादासाहेब फाळक्यांची. हे कौतुक योग्यच होतं. पण आज हा चित्रपट पाहताना माझी नजर दादासाहेबांवरून सारखी त्यांच्या घराकडे वळते. भारतीय सिनेमाचं पहिलं युनिट म्हणजे नवरा, बायको आणि मुलं हे मोकाशींनी ओळखलं आणि कुठेही भाषणबाजी न करता दाखवलं.

दादासाहेबांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो १९१०-११ च्या सुमारास. छपाईच्या धंद्यातली भागीदारी तुटली होती, हाताला काम नव्हतं. या काळात माणूस एकटा झपाटतो आणि घर मागे फरफटत जातं, अशी गोष्ट सांगणं सोपं होतं. फाळक्यांच्या घरी तसं झालं नाही. सिनेमा पाहायला ते मुलाला घेऊन गेले, मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले, आणि चित्रं हलतात कशी हे घरी सगळ्यांना समजावून सांगत बसले. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपण्याचा पहिला प्रयोगही घरातच झाला. तो पाहून पुढे पैसे देणारा माणूस मिळाला. चित्रपटात हा सगळा भाग खेळासारखा घडतो. वडील शिकवतात, मुलं प्रश्न विचारतात आणि घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात असतानाही कुणी रुसून बसत नाही.

विमा पॉलिसी गहाण ठेवून दादासाहेब फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांची ओळख चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी करून दिली. तिथलं काम पाहून, विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले. कच्ची फिल्म मागवली, पण तिच्या कडांना भोकं पाडलेली नसत. अंधारात बसून, केवळ हाताच्या अंदाजानं ती पाडायचं काम सरस्वतीबाईंकडे आलं. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं हेही त्यांनीच केलं. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका करशील का, असं दादासाहेबांनी विचारल्यावर, मग बाकीची कामं कोण करणार, म्हणून त्यांनी नकार दिल्याची आठवण सांगितली जाते. मला त्या नकारात निर्मितीव्यवस्थापकाचं भान दिसतं. स्वप्न कुणाचं हे ठरलेलं होतं, पण दिवस कसा पार पाडायचा हे सरस्वतीबाई ठरवत होत्या. विभावरी देशपांडे यांनी ही भूमिका फार समजून केली आहे. त्यांच्या सरस्वतीबाई नवऱ्याला पाठिंबा देणारी सोशिक पत्नी वाटत नाहीत. काम शिकण्यात रस असलेल्या, प्रसंगी त्याला चार शब्द सुनावणाऱ्या सहकारी वाटतात.

थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, तारामतीचं काम अण्णा साळुंके यांच्याकडे गेलं. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत, म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगावं, ही युक्तीही तेव्हाचीच. दादरच्या ज्या वास्तूत हे सगळं चालत होतं, तिथं घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो, हे सांगता येऊ नये अशीच रचना होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

मोकाशींची गोष्ट त्यानंतर फार पुढे जात नाही, आणि खरा कस तिथून लागला. दादासाहेबांनी नाशिकला बस्तान हलवलं. १९१७ च्या ‘लंकादहन’नं अफाट यश दिलं. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली होती मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दादासाहेबांनी मुद्दाम दाखवले आहेत. पण भागीदारांशी त्यांचं जमलं नाही. कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीला गेले आणि तिथं ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. घरात एकमेकांना विचारून, कामं उचलून जे चालत होतं, ते करार आणि हिशेबांच्या चौकटीत चालवणं त्यांना साधलं नाही असं मला वाटतं. सरस्वतीबाईंसमोर खर्च आणि अडचणी मोकळेपणानं मांडणारे दादासाहेब भागीदारांना मात्र आपल्या कामात डोकावू देत नसत.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आनंदाच्या टप्प्यावर थांबते, तो दिग्दर्शकाचा हक्क आहे. नाशिक ते काशी हा पुढचा प्रवासही कुणीतरी पडद्यावर आणावा, आणि या वेळी तो सरस्वतीबाईंच्या बाजूनं सांगावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.