अकरा ओळींचा मालक कोण?

वहीत 7, 42, 108 हे आकडे एकाखाली एक लिहायचेत आणि सगळे तीन अंकी दिसायला हवेत. काय कराल? डावीकडे शून्यं भराल: 007, 042, 108. एवढंच काम करणारा एक इवलासा प्रोग्रॅम होता. नाव लेफ्ट-पॅड. लांबी अवघ्या अकरा ओळी!

तो आझेर कोचुलू या प्रोग्रॅमरने लिहिला आणि इंटरनेटवरच्या 'एनपीएम' नावाच्या कोठारात ठेवला. कुणीही यावं, फुकट न्यावं. नवा प्रोग्रॅम बांधताना संगणक लागतील ते तुकडे तिथून आपोआप आणतो, वाण्याकडून जिरं-मोहरी आणावी तसे.

आझेरच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमचं नाव होतं 'किक'. कॅनडातली किक नावाचीच कंपनी म्हणाली, हे नाव आम्हाला हवं. आझेरने नकार दिला. मग कंपनी एनपीएमकडे गेली आणि एनपीएमने ते नाव तिला देऊन टाकलं. आझेर भडकला! 22 मार्च 2016 रोजी त्याने तिथले आपले अडीचशेहून जास्त प्रोग्रॅम काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅडही गेला.

आणि काय गंमत! जगभर प्रोग्रॅम बांधत बसलेल्यांचं काम अडलं. कित्येकांनी तर लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी घेतलेला तुकडा दुसऱ्यावर उभा, दुसरा तिसऱ्यावर, आणि पार तळाशी या अकरा ओळी. (आधीच सुरू असलेल्या वेबसाइट मात्र चालू राहिल्या बरं का.)

सुमारे अडीच तासांनी एनपीएमने लेफ्ट-पॅड पुन्हा जागेवर ठेवला. लेखकाने काढून नेलेली वस्तू परत ठेवली, मग ही चोरी झाली का? नाही. ओळी आझेरच्याच; पण 'वापरा, बदला, वाटा' अशी परवानगी त्याने आधीच सर्वांना दिली होती. आजीने लाडवांची कृती गल्लीभर सांगितली, तर उद्या रुसून ती परत मागता येईल का? कोठाराची फळी मात्र एनपीएमची. तिथे काय ठेवायचं, कुठल्या नावाने, हे तेच ठरवणार. आझेरला खरा राग आला तो याचाच. मला विचाराल तर तो राग समजतो. पण ज्यांना या भांडणाचा पत्ताही नव्हता, त्यांचं काम का अडावं?

पुढे एनपीएमने नियम बदलला. इतरांच्या उपयोगात असलेला जुना प्रोग्रॅम आता सहज काढता येत नाही. आणि 2017 साली जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतच डावीकडे भरण्याची सोय आली. तिचं नाव पॅडस्टार्ट. ती कुणाच्याच कोठारातून आणावी लागत नाही.