गृहीत संमती (अवयवदान)

गृहीत संमती ही मरणोत्तर अवयवदानासंबंधीची एक कायदेशीर पद्धत आहे. एखाद्या प्रौढ व्यक्तीने हयातीत नकार नोंदवलेला नसेल, तर मृत्यूनंतर अवयव काढण्यास तिची संमती होती असे या पद्धतीत मानले जाते. याउलट, व्यक्त संमतीच्या पद्धतीत त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या निकटच्या नातेवाइकांनी स्पष्ट होकार देणे आवश्यक असते. मृताच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, हा या दोन पद्धतींमधील मूळ भेद आहे.

प्रसार

स्पेनने १९७९ मध्ये, ऑस्ट्रियाने १९८२ मध्ये, बेल्जियमने १९८६ मध्ये व सिंगापूरने १९८७ मध्ये असे कायदे केले. वेल्समध्ये १ डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून ही पद्धत लागू झाली. ब्राझीलने १९९७ मध्ये केलेली तरतूद जनतेच्या अविश्वासामुळे पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आली. जर्मनीच्या संसदेने जानेवारी २०२० मध्ये असा प्रस्ताव फेटाळला.

मतभेद

अनेकांना अवयवदान मान्य असते, पण ते नोंदणी करत नाहीत. त्यामुळे वाचू शकणारे रुग्ण दगावतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे. एरिक जॉन्सन व डॅनियल गोल्डस्टीन यांच्या २००३ मधील शोधनिबंधात ऑस्ट्रियातील संमतीचे प्रमाण ९९.९८ टक्के, तर जर्मनीतील १२ टक्के दाखवले होते. मात्र हे आकडे कायदेशीर संमतीचे आहेत, प्रत्यक्ष दानाचे नव्हेत. मौन म्हणजे संमती नव्हे, तसेच कायद्याची माहिती नसलेल्या व्यक्तीचा नकाराचा हक्क नाममात्र उरतो, असे आक्षेप विरोधक घेतात.

कुटुंबाची भूमिका

गृहीत संमतीचा कायदा असलेल्या अनेक देशांत प्रत्यक्षात नातेवाइकांना विचारले जाते. स्पेनमध्येही कुटुंबाने नकार दिल्यास अवयव काढले जात नाहीत. तेथे १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. त्या वेळी दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ असलेले मरणोत्तर दात्यांचे प्रमाण पुढे ४० च्या वर गेले. संघटनेचे संस्थापक राफाएल मातेसान्स यांनी या वाढीचे श्रेय कायद्याऐवजी या यंत्रणेला दिले आहे.

भारत

भारतात व्यक्त संमतीची पद्धत आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ हा प्रथम महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना लागू झाला. त्यानुसार डॉक्टरांच्या मंडळाने मेंदूस्तंभाचा मृत्यू प्रमाणित करावा लागतो. मृताने हयातीत अवयवदानाची प्रतिज्ञा केली असली, तरी व्यवहारात निकटच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते. त्यामुळे दात्याने आपली इच्छा कुटुंबीयांना आधीच सांगून ठेवणे महत्त्वाचे ठरते.