वायू टरबाइन : इंधनवायूची प्रत

वायू टरबाइनात संपीडित हवेत इंधन जाळतात व तयार होणाऱ्या तप्त वायूंच्या प्रसरणाने पाती असलेले चक्र फिरते. औष्णिक केंद्रात कोळशाची राख टरबाइनात जात नाही व टरबाइनापर्यंत केवळ वाफ जाते. वायू टरबाइनात मात्र ज्वलनाने तयार झालेले पदार्थच पात्यांवरून वाहतात. त्यामुळे इंधनवायू किती मिळतो याइतकेच त्याच्या प्रतीलाही महत्त्व असते.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन असून त्यात एथेन, प्रोपेन इ. जड हायड्रोकार्बने तसेच नायट्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड ही कमीअधिक प्रमाणात असतात. हे प्रमाण उगमानुसार बदलते. मुंबई हाय क्षेत्रात (शोध १९७४; उत्पादन १९७६ पासून) वायू खनिज तेलाबरोबर निघतो व त्यातील जड घटक उरण (जि. रायगड) येथे वेगळे काढतात. उरणलाच महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचे वायू विद्युत् केंद्र १९८२ मध्ये सुरू झाले. पुढे महानिर्मिती कंपनीकडे आलेल्या या केंद्रात प्रत्येकी १०८ मेगॅवॉटचे चार वायू टरबाइन संच आणि त्यांच्या निष्कास वायूंतील उष्णतेवर चालणारे प्रत्येकी १२० मेगॅवॉटचे दोन बाष्प संच आहेत. गुजरातेतील दहेज येथे २००४ पासून द्रवरूप नैसर्गिक वायू आयात होऊ लागला व दहेज–उरण नळमार्गाने तो महाराष्ट्रातही पोहोचू लागला. अशा जोडणीमुळे भिन्न संघटनांचे वायू एकाच नळमार्गात येऊ शकतात.

दोन वायू एकाच ज्वालकात चालतील की नाही, हे वोब निर्देशांकावरून ठरवितात. वायूच्या कॅलरीमूल्यास त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. शुद्ध मिथेनात घनफळाने १० टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळल्यास कॅलरीमूल्य १० टक्क्यांनी घटते. परंतु घनता वाढल्याने वोब निर्देशांक सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो. हवा व इंधन आधी मिसळून जाळणाऱ्या आधुनिक ज्वालकांना सामान्यतः सुमारे ५ टक्क्यांपर्यंतचाच फरक सोसतो. निर्देशांक फार उतरल्यास ज्योत अस्थिर होते वा विझते, तर कोठीतील दाब हेलकावू लागल्यास भागांना तडे जातात. जड हायड्रोकार्बने वाढल्यास ज्योत ज्वालकात मागे सरकण्याचा धोका असतो व नायट्रोजन ऑक्साइडेही वाढतात. कमी कॅलरीमूल्याचा वायू अधिक प्रमाणात जाळावा लागतो. त्यामुळे टरबाइनातून जाणारे वस्तुमान व मिळणारी शक्ती काहीशी वाढते. तथापि संपीडकावरील प्रतिदाब वाढून त्याचे कार्य अस्थिर होऊ शकते.

द्रवबिंदू विशेष घातक असतात. नियंत्रण झडपेत दाब उतरताना वायूचे तापमान दर बारला सुमारे ०·५° से. घटते व जड घटक द्रवरूप होतात. हे थेंब कोठीत असमान जळून पहिल्या पंक्तीची पाती होरपळतात. म्हणून वायू गाळून, त्याच्या दवबिंदूपेक्षा सुमारे २८° से. अधिक तापवून देतात. गंधक व सोडियम एकत्र आल्यास सल्फेटांचा थर साचून पाती उच्च तापमानास झपाट्याने गंजतात.

वायूच्या केवळ घनफळाच्या मोजणीवरून यांपैकी एकही दोष कळत नाही. यासाठी वर्णलेखन उपकरणाने वायूच्या संघटनाचे सतत मापन करून ज्वालकांची जुळणी त्यानुसार बदलतात.