महाडचा काळा कातळ आणि किरणोत्साराची मात्रा

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की कोकणात पहिला प्रश्न कॅन्सरचा येतो, आणि तो रास्तच आहे. पण किरणोत्सार आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो किती, हे विचारायला हवं. थोडाफार तर सगळीकडेच असतो. महाडजवळ सावित्री नदीच्या पात्रातला काळा कातळ बसाल्टचा. त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे महाड-पोलादपूरच्या जमिनीतून येणारा किरणोत्सारही कमीच. केरळात करुनागपल्लीच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूवर तो कितीतरी पट जास्त आहे, तरी तिथल्या हजारो रहिवाशांच्या दीर्घ पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, अणुवीज केंद्रामुळे जनतेला मिळणाऱ्या मात्रेवर आपल्याकडे वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ७ मिलिसिव्हर्ट मिळतात!

मग चेर्नोबिलचं काय? तिथल्या अणुवीज केंद्रातल्या १९८६च्या अपघातानंतर हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं आणि ते दूध वेळेत थांबवलं गेलं नाही. धोका खराच होता, पण बराचसा टाळता आला असता. म्हणून आजचं तारापूरचं अणुवीज केंद्र असो की उद्याचं जैतापूर, दूध, पाणी आणि मासळीतल्या किरणोत्साराची मोजमापं मराठीतून नियमित जाहीर करा, ही मागणी आपण लावून धरू या.