हँड ब्लेंडर म्हणजे छोटा मिक्सर नव्हे

वाटणाच्या यंत्रांबद्दलचे गैरसमज पापनाशम या गावाच्या निमित्ताने तपासू. पहिला गैरसमज त्या गावाबद्दलचाच. पापनाशम म्हटलं की अनेकांना कमल हासनचा 2015 चा सिनेमा आठवतो, आपल्याकडे ‘दृश्यम’ म्हणून गाजलेल्या गोष्टीचा तमिळ अवतार. पण सिनेमातलं पापनाशम तिरुनेलवेलीकडचं. आपण बोलतोय ते तंजावर जिल्ह्यातलं. तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत, कुडमुरुट्टी नदीकाठी लागणारं हे तालुक्याचं गाव आहे. इथल्या पालैवननाथर देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळात, 1600 ते 1634 च्या दरम्यान बांधलेलं विटांचं अवाढव्य धान्यकोठार अजून उभं आहे. यावरून कळतं की हा सगळा मुलूख भाताचा. 1676 ते 1855 या काळात इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी घरांच्या स्वयंपाकात डांगर पच्चडी, पिटलै, रसवांगी हे पदार्थ मुरले, आणि शेजारच्या तमिळ घरांतही गेले.

वाटण-घाटण या भागात किती, हे वेगळं सांगायला नको. इडली-दोशाचं पीठ, नारळाची चटणी, रसवांगीचं खमंग वाटण, रसमची भरड पूड. यासाठी पूर्वी अम्मी म्हणजे आपला पाटा-वरवंटा आणि आट्टुक्कल म्हणजे रगडा असायचा. आता मिक्सी आणि ग्राइंडर आहेत. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2011 मध्ये जयललितांच्या काळात रेशनकार्डधारक कुटुंबांतल्या बायकांना मिक्सी, ग्राइंडर आणि टेबलफॅन मोफत द्यायला सुरुवात केली. योजना राजकीय होती हे उघडच आहे, पण यादी बघण्यासारखी आहे. मिक्सी आणि ग्राइंडर ही दोन यंत्रं वेगवेगळी धरली होती. एकात दुसरं भागेल असं तमिळ बाईला कुणी सांगू शकलं नसतं.

आपल्याकडे मात्र नेमकं हेच सांगितलं जातं, आणि सध्या सांगणारा बहुतेक वेळा हँड ब्लेंडर विकत असतो.

‘हँड ब्लेंडर घेतला की मिक्सरची गरज नाही’

हँड ब्लेंडर ही विजेवरची रवी आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मी चुकीची खरेदी टळेल. रवी काय करते? पातळ पदार्थ घुसळते, शिजलेलं मऊ घोटते. हँड ब्लेंडरही तेच करतो, फक्त फार वेगाने. त्याचं पातं घंटेसारख्या टोपणात बसवलेलं असतं. पदार्थ वाहता असेल तरच तो खालून आत ओढला जातो, चिरला जातो आणि बाजूच्या फटींतून बाहेर पडतो. पदार्थ वाहत नसेल तर पातं एकाच जागी भोक पाडत बसतं.

म्हणून टोमॅटोचं सार, पालकाची पातळ भाजी, कढीचं ताक, लहान बाळाची पेज, दात नसलेल्या आजोबांचा मऊ वरणभात या कामांत त्याला तोड नाही. पातेल्यातच काम होतं, धुवायला एक दांडा. गरम पदार्थासाठी तर तो मिक्सरपेक्षा सुरक्षितही आहे. मिक्सरच्या बंद भांड्यात उकळतं सार घातलं की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात भाजतो. हँड ब्लेंडर वापरताना मात्र आधी गॅस बंद करावा, पातं पूर्ण बुडवावं आणि मग बटण दाबावं, नाहीतर भिंतीला सार लागतं. नॉनस्टिक भांड्यात तो टेकवू नये. आणि पात्यात अडकलेलं काही काढायचं असेल तर आधी प्लग काढावा. बटण दांड्यावरच असल्यामुळे धुताना चुकून दाबलं जाण्याचा धोका इतर यंत्रांपेक्षा इथे जास्त आहे.

पण भिजवलेले तांदूळ, भाजलेलं सुकं खोबरं, धणे-मिरी, हळकुंड? नाही. सोबत मिळणाऱ्या छोट्या चॉपरच्या भांड्यात कांदा चिरला जाईल, दाण्याचं जाडसर कूट होईल, त्यापुढे नाही. पुरणाचं तर नावच काढू नका. कट काढलेलं, गूळ घालून आटवलेलं पुरण इतकं घट्ट असतं की ब्लेंडरची मोटर त्यात जागच्या जागी गुरगुरते आणि तापते. मिक्सरलाही ते जड जातं. पुरणासाठी हाताने फिरवायचं पुरणयंत्रच बरं, आणि त्याला वीजही लागत नाही.

ही यंत्रं मुळात कुठल्या स्वयंपाकासाठी जन्मली हे पाहिलं की त्यांच्या मर्यादा कळतात. हँड ब्लेंडरचं पेटंट रॉजे पेरिंजाके या स्विस माणसाने 1950 मध्ये घेतलं. तिकडचा स्वयंपाक म्हणजे सूप, सॉस, अंड्याचं फेसणं. आपला मिक्सर निघाला तो नेमका उलट्या कारणाने. 1960 च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनियर असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे टिकला नाही. तेव्हा त्यांनी जास्त दमाची मोटर असलेलं यंत्रच बनवायला घेतलं. ते पुढे ‘सुमीत’ म्हणून घरोघरी पोचलं. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या सुंदर ब्लेंडरमध्ये ओल्या नारळाची चटणी नीट का होत नाही, याचं उत्तर या हकिकतीत आहे. ते यंत्र वाईट नसतं. त्याला नारळ माहीत नसतो.

‘जितके वॅट जास्त, तितकं यंत्र चांगलं’

दुकानदाराचा हा आवडता आकडा. वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं ते. काम किती करतं, हे त्यावरून कळत नाही. मिक्सरच्या बाबतीत भांड्याचा आकार, पात्याची उंची आणि वळण, मोटरच्या तांब्याच्या तारेची प्रत यावर बरंच अवलंबून असतं. त्याहून मोठी चूक आपण वापरताना करतो. दोन चमचे वाटण दीड लिटरच्या भांड्यात टाकतो, ते कडेला उडून चिकटतं आणि पातं हवेत फिरतं. मग दोष यंत्राला. पातं बुडेल एवढा माल असावा, नाहीतर चटणीचं छोटं भांडं घ्यावं.

वॅटचा भ्रम फोडायला पापनाशमच्या कुठल्याही घरातला टेबलटॉप ग्राइंडर पुरेसा आहे. तो साधारण 150 वॅटचा असतो, म्हणजे मिक्सरच्या चौथा-पाचवा हिस्सा. तरीही उडदाचं पीठ तो मिक्सरपेक्षा सरस वाटतो. मिक्सरची आणि हँड ब्लेंडरचीही मोटर ब्रशवाली असते. मिनिटाला हजारो फेरे आणि त्याबरोबर आवाज. ग्राइंडरमध्ये पिंपाचा तळ दगडाचा, वर दगडी रूळ, आणि सगळं संथ फिरतं. मिक्सर कापतो आणि आपटतो, ग्राइंडर दगडात दगड घालून रगडतो. कोइम्बतूरच्या पी. सभापती यांनी 1955 मध्ये विजेवरचा ग्राइंडर बनवला. आज ‘कोइम्बतूर वेट ग्राइंडर’ला भौगोलिक मानांकन आहे. हे मानांकन आपल्याला आंबा, साडी, द्राक्षं यांच्या संदर्भात माहीत असतं. एका स्वयंपाकघरातल्या यंत्राला ते मिळावं, ही कौतुकाचीच गोष्ट.

‘मिक्सरमध्ये इडलीचं पीठ होतच नाही’

हा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त चिवट. उडदाच्या डाळीतला बुळबुळीत भाग हवेचे बुडबुडे धरून ठेवतो, त्यानेच इडली हलकी होते. ग्राइंडरमध्ये डाळ पंचवीस-तीस मिनिटं संथपणे फिरते, त्यामुळे हवा भरपूर मिसळते आणि पीठ गार राहतं. मिक्सरच्या वेगाने पीठ तापतं. पीठ आंबवणारे जिवाणू, त्यांत मुख्यतः ल्युकोनोस्टॉक, डाळीबरोबरच आलेले असतात. ते कोमट हवेत खुशीत वाढतात, पण गरम पिठात त्यांची पंचाईत होते.

उपाय साधा आहे. डाळ नीट भिजवावी, बर्फाचं पाणी वापरावं, थोडी थोडी डाळ घ्यावी, थांबत थांबत फिरवावी आणि वाटलेली डाळ हाताने खूप फेटावी. या वाटेने मिक्सरमध्ये चांगली इडली होते. पंधरवड्यातून एकदा इडली करणाऱ्या चौघांच्या घराने ग्राइंडर घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. दुकानात तो एकदा हातांनी उचलून पाहा. कपाटातून काढून परत ठेवायचं हे यंत्र नव्हे, त्याला ओट्यावर कायमची जागा लागते. मात्र आठवड्यातून दोन-तीनदा पीठ लागत असेल तर दुसरा विचार करू नये. नवा ग्राइंडर आणल्यावर पहिल्या एक-दोन वेळा वाटलेलं पीठ टाकून द्यावं, त्यात दगडाची कच असते.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या माथी मारली जाते. पापनाशमच्या उकाड्यात रात्री ठेवलेलं पीठ सकाळी भांड्याबाहेर येतं. पुण्याच्या डिसेंबरात तेच पीठ दुपारपर्यंत हलत नाही. हा ऋतूचा खेळ आहे, ग्राइंडरचा नाही.

‘ग्राइंडर वीज खातो’

हिशेब करू. 150 वॅटचा ग्राइंडर डाळ आणि तांदूळ मिळून पाऊण तास चालला तर सुमारे 0.11 युनिट. तेवढंच पीठ 750 वॅटच्या मिक्सरने पूर्ण ताकदीने दहा मिनिटांत केलं तर 0.125 युनिट. जवळपास बरोबरी. आठवड्यातून दोनदा पीठ वाटलं तरी महिन्याला साधारण एक युनिट. तमिळनाडूत 2016 पासून घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांमागे पहिले 100 युनिट मोफत आहेत, म्हणजे तिथे तर हा प्रश्न जवळपास निकालातच निघतो. महाराष्ट्रातही या खर्चाने कुणाचं बिल वाढत नाही. बिल वाढतं ते गीझर आणि एसीने.

‘मीठ फिरवलं की पात्याला धार येते’

नाही येत. मीठ पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असतं. मऊ वस्तूने कठीण वस्तूला धार लावता येत नाही. खडेमीठ फिरवल्याने पात्याखाली साचलेला चिकट थर निघतो, यंत्र जरा मोकळं चालतं आणि आपल्याला धार आल्यासारखं वाटतं. खरी बोथट पाती बदलून घ्यावीत. ती महाग नसतात.

खरेदीआधी आणखी दोन गोष्टी. ‘सगळं एकात’ असलेल्या फूड प्रोसेसरबद्दल एकच प्रश्न विचारावा: त्याचे आठ सुटे भाग रोज कोण धुणार? घरात मोठ्या प्रमाणावर चिरणं-किसणं-मळणं असेल तर तो उपयोगी. नाहीतर त्याचे सात भाग माळ्यावर जातात.

दुरुस्तीचाही विचार आधी करावा. मिक्सर-ग्राइंडरचे कपलर, वॉशर, ब्रश, पट्टा हे भाग लहान गावांतही मिळतात, बसवून देणाराही भेटतो. हँड ब्लेंडरचं अंग बहुधा सीलबंद प्लॅस्टिकचं, तो बिघडला की टाकायचाच. घेताना आयएसआय चिन्ह पाहावं. मिक्सरसाठी आयएस 4250 हे मानक आहे.

‘चालता चालता बंद पडला, म्हणजे जळला’

घरगुती मिक्सर सतत चालवण्यासाठी केलेलाच नसतो. थोडा वेळ चालवायचा, थोडा वेळ थांबायचं, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आपण खोक्याबरोबर टाकून देतो. हँड ब्लेंडरचा दम याहून कमी. बहुतेकांच्या माहितीपत्रकात सलग एखाद्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका अशी सूचना असते. जास्त माल भरला किंवा फार वेळ फिरवला की मिक्सरमधली संरक्षक कळ वीज तोडते, मोटर वाचावी म्हणून. यंत्र बिघडलेलं नसतं. तेव्हा तुमचा मिक्सर अचानक गप्प झाला असेल तर नवा आणायला निघण्याआधी प्लग काढा, भांडं उतरवा, निम्मा माल कमी करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मिक्सर उलटा करा आणि तळाशी असलेलं छोटं लाल बटण दाबून पाहा.