शाळांची तुलना की पाटपाण्याची?

जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा सोस अलीकडे फार वाढला आहे. शिष्यवृत्तीस किती मुले पात्र ठरली, किती मुलांना वाचता येते, पट कोठे वाढला आणि कोठे घटला, याचे तक्ते बैठकीत वाचले जातात आणि तळाच्या शाळेकडून खुलासा मागवला जातो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांचा हिशेब मागूच नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तथापि, या तक्त्यांत नेमके मोजले काय जाते, हे पाहिले पाहिजे.

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुका आहे. तेथे कळसूबाईच्या परिसरातील वाड्यावस्त्यांवर महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले राहतात. याच डोंगरात उगम पावणाऱ्या प्रवरेवर 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. त्याच्या पाटपाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पूर्वेकडे पाथर्डी हा कोरडवाहू तालुका आहे. तेथील असंख्य कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. या तिन्ही मुलखांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत पुस्तके एकच आणि शिक्षकांची वेतनश्रेणीही एकच. म्हणून त्यांचे निकालही एकाच मापाने मोजावेत, हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो.

वस्तुतः अन्याय मापापासूनच सुरू होतो. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. त्या दिवशी ऊसतोड मजुरांची मुले गावात असतात, वर्गात असतात. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला की तीच मुले आईबापांबरोबर गाडीत बसतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोठल्या तरी कारखान्याच्या तळावर राहतात. हंगामी वसतिगृहांनी काही मुले गावी राखली हे खरे, परंतु आजी-आजोबा थकलेले असले आणि धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसले, की थोरल्या मुलीला तळावर नेले जाते. वर्षाचे निम्मे दिवस जी मुलगी शाळेत नव्हती, तिच्या वाचनाचा निकाल शाळेच्या नावावर लिहायचा. आणि जिच्या बापाच्या उसाचे पैसे कारखाना देतो, तिच्या शाळेशी त्याची तुलना करायची! यात गुरुजींचे कसब किती आणि पाटाचे पाणी किती, हे तक्ता सांगत नाही.

दुसरी गोष्ट अंकगणिताची आहे. आठ मुलांच्या वर्गात एक मूल मागे राहिले, तर टक्केवारी साडेबाराने खाली येते. ऐंशी मुलांच्या शाळेत तेच मूल सव्वा टक्क्यापुरते उरते. यंदाची 'उत्कृष्ट' वस्तीशाळा पुढील वर्षी 'असमाधानकारक' ठरते, त्यात पुष्कळदा याखेरीज काही घडलेले नसते. शिष्यवृत्तीची परीक्षा तर ऐच्छिक. तिला कोणाला बसवायचे, हे बहुधा शाळाच ठरवते.

'असर' सर्वेक्षण 2005 पासून अधिक सावधपणे होते. जिल्ह्यातील 30 गावे आणि प्रत्येक गावातील 20 घरे निवडून मुलांना घरी जाऊन वाचायला दिले जाते. त्यामुळे शाळेत गैरहजर असलेले मूलही मोजणीत येऊ शकते. परंतु त्याचा आकडा जिल्ह्याचा असतो, एखाद्या शाळेचा नव्हे. तो हाती धरून अमुक वाडीच्या शिक्षकाला जाब विचारणे हा आकड्याचा दुरुपयोग आहे.

हा वाद केवळ विद्वानांच्या चर्चेचा असता, तर सोडून देता आला असता. पण 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळे'त एकत्र करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्या वेळी अशा शाळांची संख्या राज्यभरात पंधरा हजारांच्या घरात होती. कमी पट आणि कमी निकाल एकाच रकान्यात आले की शाळा बंद करण्याचे समर्थन आयतेच तयार होते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले आहे. अकोल्याच्या डोंगरात, श्रावणातल्या पावसात, हे एक किलोमीटरही थोडे नव्हे.

तुलना करायचीच असेल, तर पाथर्डीतील शाळेशी पाथर्डीतीलच शाळा ताडून पाहावी आणि मूल पहिलीत आले तेव्हा कोठे होते व चौथीत कोठे पोचले, एवढेच विचारावे. पटाच्या रकान्याशेजारी जानेवारीतील हजेरीचा रकाना छापावा आणि मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, तेही लिहावे. ही माहिती शाळेच्या दप्तरात असतेच. ती तक्त्यात घेण्यास नवा खर्च लागणार नाही. मात्र खुलासा मग केवळ मुख्याध्यापकांकडून मागता येणार नाही.