अनुदान कोणास? विद्यार्थी-पालकांच्या बालसंगोपन-अनुदानाचा एक विचार

महाविद्यालयीन विद्यार्थी म्हटला की आपल्या मनासमोर एक ठराविक चित्र उभे राहते. तो तरुण असतो, अविवाहित असतो आणि त्याच्या उदरनिर्वाहाची काळजी घरातील वडीलधारी माणसे वाहत असतात. शिष्यवृत्त्यांचे नियम, वसतिगृहांची व्यवस्था, व्याख्यानांचे वेळापत्रक ही सर्व ह्याच चित्रास अनुसरून आखलेली असतात. परंतु हे चित्र सर्वत्र खरे नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी शासकीय कारभाराची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस ह्या संस्थेने २०१९ साली एक अहवाल सादर केला. २०१५-१६ ह्या शैक्षणिक वर्षात त्या देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी पाचांत एकाहून अधिक विद्यार्थी मुलांचे संगोपन करीत होते, असे त्यात नमूद आहे. अशा विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्मे पदवी न घेताच शिक्षण सोडतात, हेही त्याच अहवालात सांगितले आहे.

ह्या गळतीचे एक कारण साधे आहे. व्याख्यान दहा वाजता असेल तर दहा वाजता मूल कोणाच्या तरी स्वाधीन असावे लागते, आणि ते स्वाधीन करण्यास पैसा लागतो. शिक्षणशुल्क माफ झाले म्हणून हा खर्च माफ होत नाही. तो भागविण्यासाठी काही देशांच्या शासनांनी स्वतंत्र अनुदाने सुरू केली. त्यांपैकी अमेरिका व इंग्लंड येथील दोन योजनांचा परिचय करून देण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. अनुदान किती, हा प्रश्न सर्वच विचारतात. अनुदान कोणास, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर विद्यार्थ्याचे भवितव्य अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

(१) ‘ला’ आणि ‘साठी’

हा प्रश्न व्याकरणाच्या साहाय्याने नेमका मांडता येतो. ‘देणे’ ह्या क्रियेत देणारा, दिलेली वस्तू आणि जिला ती दिली जाते ती व्यक्ती अशी तीन कारके असतात. तिसऱ्यास संप्रदान म्हणतात. परंतु ज्याच्या हाती वस्तू पडते तो प्रत्येक जण संप्रदान होतो काय? संस्कृत वैयाकरणांच्या एका परंपरेने ह्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. धोब्याच्या हाती आपण वस्त्रे देतो, परंतु ती त्याची होत नाहीत. त्यांवरील आपले स्वामित्व कायम राहते. म्हणून तेथे खरे दान नाही आणि खरे संप्रदानही नाही, असे ही परंपरा मानते. मराठीत मात्र ‘गरिबाला वस्त्र दिले’ आणि ‘धोब्याला कपडे दिले’ ह्या दोन्ही वाक्यांत ‘ला’ हा एकच प्रत्यय येतो, आणि भेद प्रत्ययामागे झाकला जातो.

त्याचबरोबर मराठीत ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय आहे. ‘विद्यार्थ्याला अनुदान’ आणि ‘विद्यार्थ्यासाठी अनुदान’ हे दोन प्रयोग वरवर समानार्थी वाटतात. पहिल्यात विद्यार्थी हा त्या अनुदानाचा धनी आहे. दुसऱ्यात तो केवळ उद्दिष्ट आहे. धनी दुसराच कोणी असू शकतो. शासकीय योजनांच्या बाबतीत ह्या भेदाचे परिणाम फार दूरवर जातात.

(२) अमेरिकेतील पद्धती

अमेरिकेत १९६५ चा उच्च शिक्षण कायदा हा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याचा मुख्य आधार आहे. १९९८ साली त्यात जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये विद्यार्थी-पालकांच्या मुलांच्या संगोपनासाठी एक स्वतंत्र योजना अस्तित्वात आली. तिचे नाव ‘चाइल्ड केअर अॅक्सेस मीन्स पेरेंट्स इन स्कूल’ असे आहे. हे नाव म्हणजे एक संपूर्ण वाक्यच होय. मुलांच्या संगोपनाची सोय हाताशी असणे म्हणजेच आईबाप विद्यालयात असणे, असा त्याचा भावार्थ आहे. शिवाय ‘मीन्स’ ह्या शब्दाचा ‘साधने’ असाही अर्थ त्या भाषेत होतो, आणि तो अर्थही येथे सहज ध्वनित होतो.

ह्या वाक्यात आईबाप आहेत. कायद्यातील संप्रदान मात्र आईबाप नाहीत. अनुदान महाविद्यालयास किंवा विद्यापीठास मिळते. त्यासाठी संस्थेने केंद्रीय शिक्षण खात्याकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जांत स्पर्धा असते. अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना पेल अनुदान ह्या नावाने जे केंद्रीय साहाय्य मिळते, त्याची आदल्या वर्षाची संस्थेतील एकूण रक्कम किमान ३,५०,००० डॉलर असली पाहिजे, अशी मूळ अट होती. योजनेची वार्षिक तरतूद २ कोटी डॉलरपर्यंत पोहोचल्यास ही मर्यादा २,५०,००० डॉलरवर आणावी, असे २००८ च्या दुरुस्तीने ठरविले. संस्थेला मिळणाऱ्या वार्षिक अनुदानास ह्याच पेल रकमेच्या एक टक्क्याची कमाल मर्यादा कायद्याने घातली आहे. म्हणजे ज्या महाविद्यालयाची पेल रक्कम ५० लक्ष डॉलर आहे, त्यास वर्षाला अधिकात अधिक ५०,००० डॉलर मिळावयाचे. अनुदानाची मुदत चार वर्षांची असते. त्या पैशातून महाविद्यालयाने आपल्या आवारात पाळणाघर चालवावे अथवा चालू पाळणाघरास आधार द्यावा, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची मुले तेथे प्राधान्याने घ्यावीत, असा कायद्याचा हेतू आहे. नवीन इमारत बांधण्यासाठी मात्र तो पैसा वापरता येत नाही. आरोग्य व सुरक्षितता ह्यांच्या नियमांसाठी लागणारी किरकोळ दुरुस्ती तेवढी करता येते. उत्पन्नाच्या मानाने कमी-अधिक शुल्क आकारणाऱ्या संस्थांच्या अर्जांस अग्रक्रम द्यावा, असेही कायदा सांगतो.

ह्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. पैशाबरोबर प्रत्यक्ष पाळणाघरही उभे राहते, आणि तेही जेथे व्याख्याने होतात तेथेच. मूल जवळ असते, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. परंतु ज्या महाविद्यालयाने अर्ज केला नाही, अथवा ज्याचा अर्ज नामंजूर झाला, तेथील विद्यार्थिनीस काहीच मिळत नाही. तिचे उत्पन्न तितकेच कमी असेल, तिचे मूल तितकेच लहान असेल. तिची उणीव इतकीच की ती शेजारच्या महाविद्यालयात शिकत नाही.

ज्या महाविद्यालयास अनुदान लाभले तेथेही प्रत्येकास जागा मिळतेच असे नाही. उपर्युक्त अहवालानुसार २०१६-१७ मध्ये ह्या योजनेचा लाभ सुमारे ४,००० मुलांना झाला, आणि प्रतीक्षायादीवरील मुलांची संख्या त्याहूनही अधिक होती. त्या सुमारास योजनेची वार्षिक तरतूद सुमारे दीड कोटी डॉलर होती. २०१८ मध्ये ती ५ कोटी आणि २०२३ मध्ये साडेसात कोटी डॉलर झाली. मे २०२५ मध्ये मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांनी पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात ही तरतूद अजिबात वगळण्याची सूचना होती. जे साहाय्य व्यक्तीचा हक्क म्हणून दिलेले नसते, ते दरसालच्या तरतुदीच्या धाग्यावर लोंबकळत राहते, हे ह्यावरून ध्यानी येईल.

(३) न मिळणारा भत्ता

अमेरिकन कायद्यात ह्याच विषयाशी संबंधित आणखी एक तरतूद आहे, आणि तिच्यातील शब्द मोठा फसवा आहे. विद्यार्थ्याचा शिक्षणाचा एकूण खर्च किती, हे महाविद्यालय ठरविते. ज्याच्यावर मुले अवलंबून आहेत अशा विद्यार्थ्याच्या खर्चात त्या मुलांच्या संगोपनाचा भत्ता धरावा, असे कायदा म्हणतो. हा भत्ता ठरविताना व्याख्यानाचे तास, अभ्यासाचा वेळ, क्षेत्रकार्य आणि प्रवासाचा वेळ हे सर्व विचारात घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पालक असलेल्या विद्यार्थ्यास अभ्यासालाही वेळ लागतो, ही गोष्ट कायद्याच्या मसुद्यात लिहिलेली पाहून समाधान वाटते.

परंतु ‘भत्ता’ म्हटल्यावर हाती काही पडेल, अशी जी आपली समजूत होते ती येथे निराधार ठरते. हा भत्ता म्हणजे हिशेबातील एक रकाना होय. त्यामुळे खर्चाचा आकडा वाढतो, आणि त्या प्रमाणात साहाय्याची कमाल मर्यादा वाढते. ती वाढलेली मर्यादा पुष्कळदा कर्जानेच भरून काढावी लागते. तेवढी सोय झाली तरी ती काहींना उपयोगी पडते हे खरे. परंतु ती सोय आहे हे कळले तर पाहिजे. पालक-विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असलेल्या ६२ संस्थांची संकेतस्थळे उपर्युक्त अहवालासाठी तपासली गेली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश संस्थांनी ह्या तरतुदीचा उल्लेखही केलेला नव्हता. जो हक्क सांगितलाच जात नाही, तो कागदावर असून नसल्यासारखाच.

(४) इंग्लंडमधील पद्धती

इंग्लंडने ह्याच्या उलट मार्ग धरला. तेथील ‘चाइल्डकेअर ग्रँट’ हे अनुदान विद्यार्थ्याच्या नावे मंजूर होते. पूर्ण वेळ उच्च शिक्षण घेणारा, शासनाच्या विद्यार्थी-साहाय्यास पात्र असलेला आणि मर्यादित उत्पन्नाचा विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठात शिकत असो, त्याचा अर्ज त्याच निकषांवर तपासला जातो. मूल १५ वर्षांहून लहान असावे लागते; मुलास विशेष शैक्षणिक गरजा असतील तर ही मर्यादा १७ वर्षांची आहे. संगोपन करणारी व्यक्ती वा संस्था नोंदणीकृत असली पाहिजे. हे अनुदान परत फेडावे लागत नाही.

खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम शासन देते; परंतु तिला आठवड्याची कमाल मर्यादा आहे. २०२४-२५ ह्या वर्षी ती एका मुलास १९३.६२ पौंड आणि दोन वा अधिक मुलांस ३३१.९५ पौंड होती. समजा, एका मुलाच्या संगोपनास आठवड्याला ३०० पौंड लागतात. त्याचे ८५ टक्के म्हणजे २५५ पौंड होतात. परंतु मर्यादेमुळे १९३.६२ पौंडच मिळतात आणि उरलेले १०६.३८ पौंड विद्यार्थ्याने स्वतः भरावयाचे असतात. दुसऱ्या मुलामुळे मर्यादा वाढते ती १३८.३३ पौंडांनी, म्हणजे दुप्पट होत नाही; आणि तिसऱ्या मुलाचा हिशेब होतच नाही.

येथे व्याकरणाचा पूर्वोक्त प्रश्न उलट दिशेने उद्भवतो. अनुदान विद्यार्थ्याचे, पण पैसा त्याच्या हाती पडत नाही. संगोपन करणारी संस्था रकमेची मागणी नोंदविते, विद्यार्थी तिला संमती देतो, आणि रक्कम परस्पर त्या संस्थेकडे जाते. तरीही संप्रदान विद्यार्थीच होय. कारण पाळणाघर निवडण्याचा आणि बदलण्याचा अधिकार त्याचा आहे. अमेरिकेत पैसा महाविद्यालयाच्या हाती आहे आणि विद्यार्थी ‘साठी’ ह्या अव्ययाच्या आश्रयाने उभा आहे. इंग्लंडमध्ये पैसा पाळणाघराच्या हाती जातो, तरी ‘ला’ हा प्रत्यय विद्यार्थ्यासच लागतो.

ह्याचा अर्थ इंग्लंडची पद्धती निर्दोष आहे असा मात्र नव्हे. ‘पूर्ण वेळ’ ह्या दोन शब्दांनी अनेकांना दाराबाहेर ठेवले आहे. लहान मूल असलेल्या व्यक्तीस अर्धवेळ शिक्षणच शक्य असते, असे अनेकदा घडते. नेमक्या त्याच व्यक्तीस हे अनुदान मिळत नाही. शिवाय अनुदान हाती असले तरी सायंकाळच्या व्याख्यानाच्या वेळी उघडे असणारे पाळणाघर त्यातून निर्माण होत नाही. हक्काने किंमत चुकती करता येते. जागा मिळेलच असे नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही दोन्ही पद्धतींत अंतर आहे. तेथे केवळ शिक्षणासाठी गेलेला भारतीय विद्यार्थी इंग्लंडच्या योजनेस सामान्यतः पात्र ठरत नाही. उलट, केवळ तात्पुरत्या वास्तव्यामुळे अथवा पदव्युत्तर शिक्षणामुळे ज्यास पेल अनुदान मिळत नाही, परंतु एरवी जो पात्र ठरला असता, अशा विद्यार्थ्याचाही समावेश २००८ नंतरच्या अमेरिकन व्याख्येत केलेला आहे. लहान मुलासह तेथे शिकावयास जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाकडे ह्याची चौकशी करणे इष्ट होय.

(५) रजा आणि अनुदान

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच्. डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजेची सवलत दिली, आणि २०२२ च्या नियमांनीही ती चालू ठेवली. ही सवलत स्वागतार्ह आहे. तथापि रजा आणि अनुदान ह्यांतील भेद विसरता कामा नये. रजा आईस अभ्यासातून काही काळ मोकळे करते. अनुदान तिला अभ्यासात टिकवून धरते. रजेमुळे तिची जागा राखली जाते; परंतु त्या जागेवर परत बसण्यास रजेचा उपयोग नाही. रजा संपल्यावर मूल सुमारे आठ महिन्यांचे असेल, आणि व्याख्यान वा प्रयोगशाळा पूर्वीप्रमाणेच दहा वाजता सुरू होईल.

ह्यास्तव अशा एखाद्या योजनेचा विचार आपल्या विद्यापीठांत पुढेमागे झाला, तर मसुदा करणाऱ्यांनी रकमेच्या आधी विभक्तीचा निर्णय करावा. पाळणाघर उभे करावयाचे असेल तर अनुदान संस्थेला द्यावे लागेल. अमेरिकेचा अनुभव तेच सांगतो. परंतु त्या पाळणाघरातील जागेवर विद्यार्थिनीचा हक्क नियमात स्वतंत्रपणे लिहिलेला असावा, आणि तो तिला तिच्या भाषेत कळविण्याची जबाबदारी संस्थेवर असावी. अन्यथा संस्था ही त्या धोब्यासारखी केवळ हाती वस्त्र घेणारी आहे, ही गोष्ट काही वर्षांतच विस्मृतीत जाईल, आणि ते वस्त्र कोणाचे, हे विचारणारी विद्यार्थिनी तोवर शिक्षण सोडून घरी गेलेली असेल.